घोडेपाडावरची सात मिनिटं

आमच्या धंद्यात एक मिनिट म्हणजे ऐंशी मीटर. कुणाचं मिनिट, कुठल्या पायांचं, हे विचारायचं नाही. स्टेशनपासून घरापर्यंतचं अंतर मोजायचं, ऐंशीने भागायचं, वर उरतील त्या मीटरांचं आणखी एक मिनिट धरायचं आणि छापायचं, 'स्टेशनपासून चालत इतकी मिनिटं.' म्हणतात की फार पूर्वी कुणीतरी एका बाईला उंच टाचांचे बूट घालून चालायला लावलं आणि तिच्या चालीवरून हा आकडा काढला. खरंखोटं मला ठाऊक नाही. तिला चढावरून चालवलं नव्हतं, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगते.

हा नियम आम्हा घरदलालांनीच स्वतःला घालून घेतलेला आहे. माझ्या वडलांच्या काळी शिओनोसे गावातलं प्रत्येक घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर होतं. डोंगरापलीकडलंसुद्धा. लोक इतके वैतागले की वरून कुणी येऊन आमचे कान उपटायच्या आधी आम्हीच आमचे उपटायचे ठरवले. संघ झाला, नियम झाले, जाहिरात तपासणी समिती झाली. समितीत तिघं. अध्यक्ष नुमाजिरी कानेहिको, वय एकाहत्तर. ओरिकासा, जो मोजमापाची हत्यारं सांभाळतो आणि मत विचारलं की चहा ओततो. आणि मी, इसुरुगी मित्सुए, स्टेशनसमोरच्या जुन्या दुकानाची मालकीण.

नुमाजिरींसारखा कडक माणूस मी पाहिलेला नाही. एकाने घराच्या फोटोत आकाश जरा जास्त निळं केलं, तर हे महाशय त्याच खिडकीत आठवडाभर जाऊन आकाश बघून आले. दुसऱ्याने 'ऐसपैस' लिहिलं, तर त्या खोलीत चटई अंथरून स्वतः आडवे झाले आणि पाय भिंतीला टेकलेले दाखवले. माझं तर विचारूच नका. मी एका घराला 'समुद्र दिसतो' असं लिहिलं होतं. दिसायचा हो, न्हाणीघरातून दिसायचा. समिती आली. तिन्ही सभासद एकामागून एक पालथ्या बादलीवर चढले आणि मान वाकडी करून समुद्र बघून आले.

"दिसतो," नुमाजिरी खाली उतरत म्हणाले. "पण बादली भाड्यात धरली आहे का?"

गावभर हसं झालं. वर्षभराने त्यांनीच मला समितीवर घेतलं. म्हणाले, "खोटं कुठे दडवतात हे तुम्हाला माहीत आहे." हा अपमान की बढती, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. पण बादली मी विसरले नव्हते.

म्हणूनच, गेल्या ऑक्टोबरात तक्रार आली आणि ती खुद्द नुमाजिरींच्या जाहिरातीविरुद्ध आहे हे कळलं, तेव्हा मला मनातून उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू?

तक्रार करणारी बाई स्वतःच आली. ओकिमोतो तामिए, वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, काखेत कापडात बांधलेला गोड चकल्यांचा छोटा डबा. भांडायला येतानाही खाऊ घेऊन येण्याची आमच्याकडे रीत आहे. ती दारात दिसली आणि माझ्या उकळ्या जागच्या जागी थंड झाल्या. मी तिला ओळखत होते. ऑगस्टमध्ये ती आधी माझ्याकडे आली होती. "स्टेशनजवळ, तळमजल्यावर, एक खोली पुरे," म्हणाली होती. माझ्या दुकानामागची खोली तेव्हा रिकामीच होती. पण एकट्या म्हाताऱ्या माणसाला खोली द्यायला आम्ही घरदलाल कचरतो. उद्या आत काही बरंवाईट झालं तर? त्या खोलीत पुन्हा कोण राहणार? मी वाकून वाकून माफी मागितली आणि सांगितलं, "सध्या काहीच नाही हो." सगळा गाव तिला हेच सांगत होता. नुमाजिरींनी मात्र स्वतःचं घोडेपाड नावाच्या चढावरचं छोटं घर तिला दिलं. हेही सांगायलाच हवं.

"बसा, ओकिमोतो-सान," नुमाजिरी म्हणाले. मग आपला पेला उचलून ते टेबलाच्या पलीकडे, तिच्या शेजारी जाऊन बसले. "आरोपीने या बाजूला बसायचं असतं. इसुरुगी-सान, आज तुम्ही अध्यक्ष."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. खुर्ची उंच होती. पाय लोंबकळत होते.

"तुमची तक्रार सांगा," मी घसा साफ करून म्हटलं.

"टिपणात आधी तारीख घाला," पलीकडून आरोपी म्हणाले.

ओकिमोतो-सानने डबा पुढे सरकवला आणि एक छोटी वही उघडली. "माझे यजमान कामेदा स्टेशनजवळच्या वृद्धाश्रमात आहेत. दोन स्टेशनं पुढे. त्यांना आता फारसं कळत नाही. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की तोंड मिटून घेतात, माझ्या हातून तेवढं खातात. साडेअकराला जेवण वाढतात. म्हणून मला अकरा चारची गाडी धरावी लागते. पुढची तासाभराने."

"मग जरा लवकर निघायचं," ओरिकासा चहा ओतता ओतता बोलून गेला.

"निघते की. अर्धा तास आधी निघते. वेळ माझ्याकडे बक्कळ आहे, गुडघे नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय, एका वेळी दहा मिनिटं चालायचं, त्याहून जास्त नाही. ते मी घर घेताना अध्यक्षसाहेबांना सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," नुमाजिरी म्हणाले.

"तर ते म्हणाले, 'सात मिनिटं आहेत, तीन तुमच्याकडे शिल्लकच राहतील.'"

"म्हणालो होतो. अंतर पाचशे अठ्ठेचाळीस मीटर. सहा पूर्णांक पंच्याऐंशी. सात."

तिने वही माझ्यापुढे धरली. पेन्सिलीने रोजची मिनिटं मांडलेली. तेवीस. बावीस. तेवीस. सव्वीस. मग एका ओळीत नुसतं 'गेले नाही'. पुन्हा तेवीस. पुन्हा 'गेले नाही'. गेल्या आठवड्यात असं तीनदा होतं.

"गुडघा सुजला की उठताच येत नाही. त्या दिवशी ते उपाशी राहतात. नर्सबाई फोन करून सांगते, दोन चमचे पेज गेली म्हणून, पण मला बरं वाटावं म्हणून सांगते, ते कळतं मला." तिने वही मिटली. "भांडायला नाही आले मी. छापील सात आहेत, मला तेवीस लागतात. माझी सोळा मिनिटं कुठे आहेत, तेवढं शोधून द्या. नसतील सापडत, तर मला या करारातून सोडा. मी दुसरीकडे बघेन."

नुमाजिरींनी मान खाली घातली. ते कठोर होते, पण दगड नव्हते. "ओकिमोतो-सान, तुम्हाला मोकळं करणं माझ्या हातात आहे, आणि करेनही. पण जाहिरात चुकली म्हणून नाही करता येणार. ती चुकलेली नाही. आज मी माझं मिनिट लांबवलं, तर उद्या पन्नास सभासद आपापलं मिनिट आखूड करतील. मग पुन्हा सगळी घरं पाच मिनिटांवर."

"म्हणजे सात खरी?" तिने विचारलं.

"सात खरी."

"आणि मी खोटी?"

ओरिकासाने चहा ओतला. मग मी माझ्या आयुष्यातला पहिला अध्यक्षीय हुकूम सोडला. आमच्या नियमावलीत एक कलम आहे, शंका आल्यास जागेवर जाऊन तपासणी करावी. एकोणीस वर्षांत आम्ही शेकडो तपासण्या केल्या होत्या. सगळ्या गाडीत बसून. गिऱ्हाइकाला घर दाखवायलाही आम्ही गाडीनेच नेतो, धुतलेली गाडी, सीटवर जाळीदार पांढरी खोळ, हातात गार चहाची बाटली. ओकिमोतो-सानलाही नुमाजिरींनी डोंगराला वळसा घालून रस्त्याने नेलं होतं, चार मिनिटांत. चालत ते घर कुणी गाठलंच नव्हतं, घराच्या मालकानेसुद्धा नाही.

"उद्या दहाला," मी म्हटलं. "चालत."

"आनंदाने," नुमाजिरी म्हणाले. "सात मिनिटांचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनच्या दारात जमलो. तिघांच्याही दंडांवर 'जाहिरात तपासणी' लिहिलेल्या हिरव्या पट्ट्या. ओरिकासाच्या हातात मोजणीचं चाक आणि गळ्यात थांबघड्याळ. येणारेजाणारे वाकून नमस्कार करत होते, दंडावरच्या पट्ट्या बघून त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. ओकिमोतो-सान यजमानांसाठी वाफवलेल्या भोपळ्याचा डबा घेऊन आली होती. "वर जाऊन परत खाली येईन आणि तशीच गाडीत बसेन," म्हणाली. गुडघ्याला तिने दोन पट्टे बांधले होते.

घड्याळ सुरू झालं. चाक टिकटिक करत निघालं. नव्वद मीटरवर रेल्वेचं फाटक आलं आणि आमच्या नाकासमोर खाली आलं.

"घड्याळ थांबव," नुमाजिरींनी सांगितलं. "फाटकातलं थांबणं चालण्यात धरत नाहीत."

ओरिकासाने बटण दाबलं. आम्ही उभे राहिलो. एक मालगाडी गेली, मग उलट्या बाजूने दुसरी. ओकिमोतो-सान एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलत होती.

"मिळालं की," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "चार मिनिटं इथे आहेत."

फाटक उघडलं, घड्याळ पुन्हा सुरू झालं. तीनशे मीटरपर्यंत सगळं नियमाप्रमाणे चाललं आणि नुमाजिरींची मान ताठ होत गेली. मग घोडेपाड आला. जुन्या काळी मिठाची ओझी घेऊन चढणारे घोडे इथे कोलमडायचे, म्हणून हे नाव. आमच्या नकाशात नाव छापत नाहीत. नकाशात तिथे अंगठ्याएवढी सरळ रेघ आहे. प्रत्यक्षात एकशे बारा पायऱ्या आहेत, प्रत्येकीची उंची वेगळी.

पायऱ्यांवर चाक चालेना. ओरिकासाने ते खांद्यावर घेतलं. हवेत चाक फिरेना.

"आता हे अंतर कुठे धरायचं?" त्याने विचारलं.

"नकाशात आहे," नुमाजिरी म्हणाले आणि चढू लागले.

तिसाव्या पायरीवर ते थांबले. "कठडा तपासतो," म्हणाले. तपासला. चाळिसाव्या पायरीवर पाणी जायची नाली तपासली. अठ्ठेचाळिसाव्या पायरीवर एका परसातल्या पर्सिमनच्या झाडाची फांदी रस्त्यावर किती आली आहे ते तपासलं, आणि इतका वेळ तपासलं की मी आणि ओरिकासा त्यांच्या पुढे निघून गेलो. मला हसू दाबता येत नव्हतं. बादली आठवत होती. ओकिमोतो-सान मात्र त्यांच्या मागे एकेक पायरी दोन्ही पायांनी घेत येत होती, आणि तिचा श्वास मला वरपर्यंत ऐकू येत होता. माझं हसू तिथेच विरलं.

अठ्ठावन्नाव्या पायरीवर छोटा सपाट चौथरा आहे. तिथे भिंतीशी बिअरची रिकामी पेटी पालथी घातलेली, वर शिवलेली गादी.

"माझी आहे," ती म्हणाली. "रोज इथे बसते. बसा अध्यक्षसाहेब."

"तपासणीच्या वेळी बसत नाहीत."

"मग पेटी तपासा."

नुमाजिरींनी तिच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि बसले. चेहरा लालभडक झाला होता. तिने झोळीतून एक आल्याची गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. ते गोळी चघळत राहिले. मग म्हणाले, "घर कुठे आहे?"

"अजून चोपन्न पायऱ्या. इथून दिसत नाही." तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "दहा चाळीस झाले. मी वर आले तर अकरा चार चुकेल हो. तुम्ही जा, दार उघडंच आहे. मी इथूनच मागे फिरते."

नुमाजिरी उठले. वर पाहिलं, खाली पाहिलं. "तपासणी संपली," ते म्हणाले.

"पण घर तर दिसलंच नाही," ओरिकासा म्हणाला.

"तेच लिही. समिती निघाली आणि समितीला घर दिसलं नाही."

उतरताना त्यांनी तिला हात दिला. पाचदहा पायऱ्यांनंतर कुणी कुणाचा हात धरलाय ते सांगता येत नव्हतं. मी भोपळ्याचा डबा घेऊन पुढे चालले होते. सपाट रस्ता लागला तेव्हा दहा सत्तावन्न झाले होते. जमलं असतं. खरंच जमलं असतं. पण फाटक आमच्या डोळ्यांदेखत खाली आलं.

पहिली मालगाडी गेली. फाटक उघडेना. स्टेशन पलीकडे, शंभर पावलांवर. माझं दुकान त्याच्या समोर. अकरा चारची गाडी अगदी वेळेवर आली, दारं उघडली, मिटली. आमच्या समोरून निघून गेली.

ओकिमोतो-सानने ओरिकासाच्या गळ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. फाटकाशी येताच त्याने सवयीने बटण दाबलं होतं.

"घड्याळ थांबवलंत तुम्ही," ती म्हणाली. "गाडी नाही थांबली."

आवाजात राग नव्हता. मग तिने फाटकापलीकडे बघितलं आणि सहज विचारावं तसं मला विचारलं, "इसुरुगी-सान, तुमच्या दुकानामागची खोली अजून रिकामीच आहे का हो? खिडकीला ऑगस्टमधलाच 'खोली भाड्याने'चा कागद दिसतोय."

ओरिकासाने चाकाकडे पाहिलं. नुमाजिरींनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बादलीवरचा समुद्र निदान होता तरी. मी तर असलेली खोली नाही म्हणून सांगितली होती, आणि जे छापलं नाही, नुसतं तोंडी सांगितलं, ते खोटं पकडायला आमच्या नियमावलीत कलमच नाही.

"आहे," मी म्हटलं. "तेव्हाही होती."

"माहीत होतं," ती म्हणाली.

नुमाजिरींनी गाडी काढली. "गाडीनेच घर दाखवलं होतंत ना मला," असं म्हणत ती बसली, आणि त्यांनी तिच्या बाजूचं दार लावून घेतलं. अकरा सव्वीसला आम्ही वृद्धाश्रमात होतो. यजमान खिडकीशी खुर्चीत बसले होते. नर्स चमचा पुढे करत होती आणि ते तोंड मिटून भिंतीकडे बघत होते. ओकिमोतो-सानने नुसतं "हं" म्हटलं. त्यांनी तोंड उघडलं. भोपळा संपेपर्यंत नुमाजिरी दारात दंडावरच्या पट्टीसकट उभे होते. मग त्यांनी ती पट्टी हळूच काढून खिशात घातली.

संध्याकाळी निकाल लागला. मसुदा मी लिहिला, त्यातल्या दोन चुका आरोपीने दुरुस्त केल्या आणि शेवटचं वाक्य स्वतः सांगितलं. 'नियम मोडलेला नाही. गिऱ्हाईक फसलं आहे. दोन्ही खरं आहे.' ओकिमोतो-सान करारातून मोकळी झाली. अध्यक्षांना इशारापत्र द्यायचं ठरलं. ते मी उभं राहून दोन्ही हातांनी दिलं, त्यांनी कमरेत वाकून दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं आणि म्हणाले, "शिक्का तिरका पडलाय."

"आणि माझं इशारापत्र?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी कलम नाही," ते म्हणाले. "तुम्हाला खोली द्यावी लागेल."

घोडेपाडावरच्या घराची नवी जाहिरात आली. सात मिनिटं तशीच ठेवली, ती बदलता येत नाहीत. खाली एक ओळ वाढली: 'पायऱ्या एकशे बारा. अठ्ठावन्नाव्या पायरीवर बसायला पेटी आहे. अध्यक्ष तिथपर्यंतच पोचले.' सभासदांनी बोंब मारली, असं लिहिलं तर घर कोण घेईल म्हणून. दहा दिवसांत एका टपाल्याने घेतलं. त्याला पायऱ्या आवडतात म्हणे. आता इतर सभासदही घर दाखवायला निघाले की गाडी लांब उभी करतात. चरफडत करतात, पण करतात.

ओकिमोतो-सान महिन्याच्या एक तारखेला माझ्या मागच्या खोलीत आली. स्टेशन एकशे चाळीस मीटर, म्हणजे नियमाप्रमाणे दोन मिनिटं. पहिल्या सकाळी ती काठी आणि डबा घेऊन दहा पन्नासला निघाली, तर दुकानाच्या दारात नुमाजिरी हजर, हातात थांबघड्याळ.

"आज कुणाची तपासणी?" मी विचारलं.

"तुमची," ते म्हणाले. "दोन लिहिलेत. बघू."

ती निघाली. आम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतो. रस्ता ओलांडायच्या जागी सिग्नल लाल झाला आणि ती थांबली. नुमाजिरींचा अंगठा बटणावर गेला. एकोणीस वर्षांची सवय. तिकडून ती मागे वळली. तिला इतक्या लांबून अंगठा दिसणं शक्यच नव्हतं, तरी तिने काठी उंच करून आमच्याकडे रोखली.

त्यांनी अंगठा उचलला.

सिग्नल हिरवा झाला. ती स्टेशनात शिरली तेव्हा घड्याळात सहा मिनिटं दहा सेकंद झाले होते. नुमाजिरींनी खिशातून पेन्सिल काढली, माझ्या खिडकीवरच्या कागदावर दोनच्या शेजारी कंसात सात लिहिले आणि वरच्या दहा सेकंदांचं एक मिनिट नियमाप्रमाणे धरलं आहे, हे मला बजावून सांगितलं.